क्वार्क तारा असलाच तर ओळखायचा कसा?

दुर्बीणवाला

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की न्यूट्रॉन तारा अजून दाबला की क्वार्क तारा होतो, आणि त्याहून दाबला की कृष्णविवर. यूट्यूबवर सगळीकडे हेच ऐकायला मिळतं. थोडं तथ्य आहे त्यात, पण मूळ गंमत सुटून जाते, म्हणून वेगळा धागा काढतोय.

नेहमीचं आधी पटकन उरकतो. प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्या बारक्या कणांचे बनतात ते क्वार्क, आणि अप, डाउन, स्ट्रेंज या त्यांच्या जाती. मोठा तारा स्फोट होऊन संपला की गाभा मागे राहतो, तोच न्यूट्रॉन तारा, सूर्याच्या दीडेक पट वस्तुमान आणि त्रिज्या फक्त ११-१३ किमी. अणुकेंद्राची घनता घन सेंटीमीटरला साधारण २७ कोटी टन असते आणि या ताऱ्याच्या मध्यावर ती त्याच्याही काही पट जाते. तिथे न्यूट्रॉन एकमेकांत इतके घुसतात की अमुक क्वार्क कुठल्या न्यूट्रॉनचा हे विचारण्यात अर्थच उरत नाही. मग अप आणि डाउन क्वार्कच्या या गर्दीतल्या काही डाउनना स्ट्रेंज होणं परवडायला लागतं. एका जातीच्या क्वार्कना पाउलीच्या नियमाने (एका जागी एकच कण) चढत्या ऊर्जेच्या जागा भराव्या लागतात, तिसरी जात आली की तीच गर्दी तीन रांगांत वाटली जाते. स्ट्रेंज तसा जड आहे, ९५ एमईव्हीच्या आसपास (कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचं एकक; अप-डाउन ५ च्या आतच), पण वरच्या जागा ३०० एमईव्हीच्या घरात गेलेल्या असतात तेव्हा हा खर्च निघून येतो.

इथवर झाला तो पोटात क्वार्क असलेला न्यूट्रॉन तारा, त्याला हायब्रिड म्हणतात. १९७१ मध्ये बोडमर आणि १९८४ मध्ये विटेन यांनी मांडलेली शंका याच्या फार पुढची आहे. त्यांचं म्हणणं, दाब काढून घेतल्यावरही हे तीन जातींचं मिश्रण तसंच राहत असेल तर? लोखंडाच्या अणुकेंद्रात दर कणामागे ऊर्जा साधारण ९३० एमईव्ही भरते. क्वार्कच्या मिश्रणाची त्याहून कमी भरली तर जगातला सगळ्यात स्थिर पदार्थ लोखंड नाही, हे मिश्रण. आणि तुम्ही-आम्ही, टेबल-खुर्ची सगळं अजून तिकडे घसरलेलं नाही इतकंच. घसरत का नाही तर एका अणूतल्या बऱ्याच क्वार्कना एकाच वेळी स्ट्रेंज व्हावं लागेल, ते काम वीक फोर्सचं (क्वार्कची जात बदलणारं बल), आणि इतक्या जणांचं एकदम होण्याची शक्यता धरण्यासारखीच नाही.

हे खरं निघालं तर तारा गुरुत्वाकर्षणाने धरलेला नसतो, आपला आपण धरलेला असतो. रवा मुठीत दाबला तर मूठ आहे तोवर गोळा, उघडली की सांडला, तो न्यूट्रॉन तारा. लाडू मूठ उघडली तरी लाडूच. पुढचे सगळे गुणधर्म यातूनच निघतात. न्यूट्रॉन तारा हलका होत गेला की फुगतो, आणि सूर्याच्या ०.१ पटीच्या आसपास तर शंभर किमीच्या वर पसरून पुढे टिकतच नाही. क्वार्क तारा हलका झाला की लहान होतो, सरळ. पृथ्वीइतक्या वस्तुमानाचा क्वार्कचा गोळा केला तर त्रिज्या भरेल फक्त १५० मीटर, आणि तो टिकेल.

पृष्ठभागाचं नंतर लिहितो, ते जास्त भारी आहे.

नाना_चौकशीकर

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका, रागावू नका. अशा क्वार्कच्या मिश्रणाचा एखादा खडा पृथ्वीवर आला तर सगळ्याला क्वार्क करत सुटेल का?

अर्धवट_पीएचडी

नाना, ही बाळबोध नाही, न्यूयॉर्कजवळचा आरएचआयसी कोलायडर (अणुकेंद्रं एकमेकांवर आपटणारं यंत्र) सुरू होताना लोकांनी खरंच विचारली होती आणि त्यावर रीतसर अहवाल निघाले. छोट्या खड्यावर बहुतेक मॉडेलांत धन प्रभार असतो, त्यामुळे तो समोरच्या अणुकेंद्राला लांबच ठेवतो. शिवाय चंद्रावर कोट्यवधी वर्षं कोलायडरहून जास्त ऊर्जेचे कॉस्मिक किरण आदळतायत आणि चंद्र जागेवर आहे. न्यूट्रॉनला मात्र प्रभारच नाही, तो सरळ आत जातो, म्हणून न्यूट्रॉन ताऱ्यात एक खडा जरी पडला तरी तो आख्खा तारा खाऊन टाकेल असा हिशोब आहे. त्यावरूनच काही जण म्हणतात की असे खडे आकाशगंगेत मोकळे फिरत असतील तर सगळेच न्यूट्रॉन तारे एव्हाना क्वार्क तारे झालेले असायला हवेत.

आता दुर्बीणवाल्यांना एक टोचणी. तुम्ही फार आत्मविश्वासाने लिहिताय पण या घनतेला क्वार्कचं गणित मुळातून कुणालाच करता येत नाही. लॅटिसवर, म्हणजे अवकाशाची जाळी धरून, कंप्युटरने करायला गेलं तर या परिस्थितीत बेरजेत उलटसुलट चिन्हांची पदं येतात आणि एकमेकांना कापून उत्तर गोंगाटात बुडतं. मग लोक एमआयटी बॅग मॉडेल धरतात, म्हणजे क्वार्क एका पिशवीत मोकळे आणि पिशवी फुगवायला दर घनफळामागे ठरावीक ऊर्जा लागते, तिला बी म्हणायचं. बी किती धरायचा हे पुष्कळसं हातात, आणि बी बदलला की तारा बदलला.

टीओव्ही_टपरी

पुष्कळसं हातात नाहीये पण, हेच मला भारी वाटलं. मी हौस म्हणून पायथनमध्ये करून बघितलं, चाळीसेक ओळींचा कोड आहे, कुणालाही जमेल. मध्यावरचा दाब आपण द्यायचा आणि आइनस्टाइनच्या हिशोबाचं जे टीओव्ही समीकरण आहे ते बाहेरच्या दिशेने सोडवत जायचं, दाब शून्य झाला की पृष्ठभाग आला, थांबायचं. बॅग मॉडेलमध्ये दाब म्हणजे ऊर्जाघनतेतून ४बी वजा करून त्याला ३ ने भागायचं, संपलं. न्यूट्रॉन ताऱ्याच्या कोडमध्ये दाबाबरोबर घनतापण हळूहळू मरत जाते आणि शेवटी शेवटी स्टेप बारीक करत बसावं लागतं. इथे दाब शून्य झाला तरी घनता ४बी वर तशीच उभी! ग्राफमध्ये सरळ कडा तुटलेला दिसतो. बी ६० धरला (एमईव्ही, घन फर्मीला; फर्मी म्हणजे साधारण प्रोटॉनएवढं अंतर) तर त्या काठावर घन सेंटीमीटरला ४० कोटी टनांच्या वर माल आहे आणि त्याच्या पुढे काही नाही.

आता आकडे. बी ६० ला जास्तीत जास्त वस्तुमान १.९६ सूर्य, तिथे त्रिज्या १०.७ किमी. बी कमी केला की दोन्ही वाढतात, वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे जड तारा हवा असेल तर बी कमी करायचा. पण ५७ च्या खाली गेलात तर स्ट्रेंजशिवाय, नुसत्या अप-डाउनचं मिश्रणच लोखंडापेक्षा स्थिर होऊन बसतं, आणि त्यात वीक फोर्सची अडचण नाही, म्हणजे साध्या अणूंची केंद्रकंच विरघळायला हवी होती. आपण बसून टाइप करतोय म्हणजे बी ५७ च्या वर. तिथे कमाल वस्तुमान २.०१.

आणि आकाशात २०१० मध्ये जे१६१४ हा पल्सार (फिरता न्यूट्रॉन तारा, ज्याचा झोत लयीत दिसतो) मोजला गेला १.९७ चा, मग जे०३४८ आला २.०१ चा, आता जे०७४० आहे २.०८ चा (०.०७ इकडेतिकडे). साधं मॉडेल गळ्यापर्यंत आलंय.

नाना_चौकशीकर

म्हणजे चहा पितोय यावरून ताऱ्याचं वजन ठरतं? कमाल आहे राव.

अर्धवट_पीएचडी

@टीओव्ही_टपरी हे झकास. फक्त "साधं मॉडेल" हे शब्द अधोरेखित करा, कारण त्यात क्वार्क एकमेकांशी बोलतच नाहीत असं धरलंय, आणि स्ट्रेंजचं वस्तुमान घेतलं तर कमाल अजून खाली येते. उलट बाजूला क्वार्कमधलं रिपल्शन घेतलं, किंवा कलर सुपरकंडक्टिव्हिटी घेतली, तर कमाल २ च्या बरीच वर नेता येते. ही सुपरकंडक्टिव्हिटी म्हणजे क्वार्कच्या जोड्या जमतात, अल्फर्ड, राजगोपाल आणि विल्चेक यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं की पुरेशा घनतेला तिन्ही जाती आणि तिन्ही रंग (रंग म्हणजे क्वार्कचा एक प्रकारचा प्रभार) एकमेकांत गुंतून जोड्या होतात. एक जोडी मोडायला काही दहा एमईव्ही लागतात. तारा थंड झाल्यावर आतलं तापमान त्यामानाने नगण्य, म्हणजे बाहेरून लाखो अंशांचा दिसला तरी क्वार्कच्या हिशोबात तो गारठलेलाच.

अवांतर: याचीच एक स्फटिकासारखी अवस्था पण असू शकते, मन्नारेली, राजगोपाल आणि ऋषी शर्मा यांच्या हिशोबात ती न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचापेक्षा २० ते १००० पट ताठ निघाली. शर्मा आता मुंबईला टीआयएफआरमध्ये आहेत.

खडीसाखर_

पृष्ठभागाचं राहिलं ना! दुर्बीणवाले, आश्वासन देऊन पळू नका

दुर्बीणवाला

पळालो नाही, ऑफिस होतं.

वर टपरीने लिहिलंय तो कडा किती अरुंद आहे बघा, फर्मीभर, म्हणजे एका प्रोटॉनच्या आकाराएवढ्या अंतरात ४० कोटी टनांवरून शून्य. क्वार्क स्ट्राँग फोर्सने बांधलेले, ते काठ सोडून बाहेर येत नाहीत. इलेक्ट्रॉनना मात्र स्ट्राँग फोर्स ओळखतच नाही, त्यांना फक्त विजेचं आकर्षण, म्हणून ते काठाबाहेर काही शे फर्मीपर्यंत ओघळून येतात. आत धन, बाहेर ऋण, मध्ये काही शे फर्मी, मग विद्युतक्षेत्र किती होईल? सेंटीमीटरला ५ वर १७ शून्यं इतके व्होल्ट. हे १९८६ मध्ये अल्कॉक, फारी आणि ओलिंटो यांनी मांडलं. नुसत्या निर्वातातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या निघायला जेवढं क्षेत्र लागतं त्याच्याही वर आहे हे. थंड ताऱ्यात इलेक्ट्रॉनच्या सगळ्या जागा भरलेल्या असतात म्हणून जोड्या निघत नाहीत, तापला की जागा मोकळ्या होतात आणि जोड्यांचा फवारा सुरू होतो, ते उसॉव्ह यांनी १९९८ मध्ये दाखवलं.

दुसरं असं की उघडा क्वार्कचा पृष्ठभाग साधारण २० एमईव्हीच्या खालचा उजेड आतून बाहेर सोडतच नाही, प्लाझ्मा त्याला अडवतो. म्हणजे नुसत्या क्वार्कच्या जोरावर तो एक्स-रेमध्ये फार मंद दिसायला हवा, आणि बाकी तारे जसे फार उजळले की स्वतःच्याच उजेडाच्या दाबाने वरचा थर उडवून बसतात (एडिंग्टन मर्यादा), ती मर्यादा याला लागू नाही कारण वरचा थर गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर नाहीच. सूर्याच्या दीडपट वस्तुमानाचा तारा एडिंग्टनच्या कितीतरी पट उजळून पुन्हा जसाच्या तसा.

खडीसाखर_

पण वर अर्धवटांनी जी गुंतलेल्या जोड्यांची अवस्था सांगितली त्यात तिन्ही जाती सारख्याच संख्येने असणार ना? मग प्रभार आपोआप शून्य, इलेक्ट्रॉन लागणारच नाहीत. मग कुठलं विद्युतक्षेत्र?

अर्धवट_पीएचडी

अगदी बरोबर पकडलंत. आतमध्ये इलेक्ट्रॉन नाहीतच. पण अगदी काठाला स्ट्रेंज क्वार्क थोडे कमी पडतात, जड असल्यामुळे, आणि तिथे धन प्रभार साचतो, मग त्याच्यापुरता इलेक्ट्रॉनचा थर राहतोच. क्षेत्र टिकतं.

वैशाखवणवा

सगळं छान आहे हो, पण ४० वर्षांत एकतरी सापडलाय का? माझी तक्रार अशी आहे की दर काही वर्षांनी बातमी येते आणि दर वेळी तिची हवा जाते, तरी धागे निघत राहतात.

२००२ चं घ्या. नासाने पत्रकार परिषद घेऊन दोन उमेदवार जाहीर केले. पहिला आरएक्स जे१८५६, चंद्रा दुर्बिणीच्या एक्स-रेवरून त्रिज्या काढली ३.८ ते ८.२ किमी, न्यूट्रॉन ताऱ्याला फारच लहान, म्हणून क्वार्क तारा. आता एक्स-रेवरून त्रिज्या कशी काढतात, तर स्पेक्ट्रमवरून तापमान, तापमानावरून दर चौरस मीटरला किती उजेड निघतो ते, आणि एकूण उजेड त्याने भागला की क्षेत्रफळ. एकूण उजेड कळायला अंतर लागतं, आणि या ताऱ्याचं अंतर आधी ६१ पार्सेक (एक पार्सेक म्हणजे साधारण सव्वातीन प्रकाशवर्षं) आलं होतं ते नंतर जवळजवळ दुप्पट झालं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हाच तारा साध्या दृश्य प्रकाशात अपेक्षेपेक्षा काही पट उजळ आहे. एक्स-रेवाला भाग म्हणजे गरम ठिपका, बाकी अंग थंड आणि मोठं, असं धरलं की दोन्ही जुळतात आणि बाहेरून दिसणारी त्रिज्या १४ किमीच्या पुढे जाते. तेव्हा उत्तर दिलं गेलं की गरम ठिपका असेल तर फिरताना लुकलुकायला हवा, लुकलुकत तर नाही. २००७ मध्ये तेही सापडलं, ७ सेकंदांची लय, फक्त टक्काभर चढउतार. इतकी बारीक की आधी कुणाला दिसली नव्हती.

दुसरा ३सी५८ मधला पल्सार. ११८१ मध्ये चीन-जपानच्या नोंदींत जो नवा तारा दिसला त्याचा हा अवशेष असं धरलं तर तो वयाच्या मानाने फार लवकर थंड झालाय, म्हणून आत काहीतरी वेगळं. पण आता ११८१ च्या नोंदीसाठी पीए३० नावाचा दुसराच तेजोमेघ जास्त योग्य मानला जातो. वयच गेलं हातचं. आणि लवकर थंड व्हायला क्वार्कच लागतात असंही नाही, साध्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यात प्रोटॉनचं प्रमाण पुरेसं असेल तरी न्यूट्रिनो भराभर ऊर्जा घेऊन जातात.

१९९९ चा सॅक्स जे१८०८ हा क्वार्क तारा असल्याचा दावापण तसाच.

दुर्बीणवाला

वणवा भाऊ, १८५६ आणि ३सी५८ बद्दल पूर्ण सहमत. १८०८ ला इतक्या पटकन निकालात काढू नका, तो पेपर ली, बोम्बाची, मीरा डे, जिष्णु डे आणि व्हान डेन ह्यूव्हेल यांचा, डे दांपत्य कोलकात्याचं, आणि त्यांनी पिशवीच्या मॉडेलऐवजी घनतेप्रमाणे बदलणारं क्वार्कचं बल घेऊन ताऱ्याचा हिशोब केला होता. तारा सेकंदाला ४०१ वेळा फिरतो, सोबत्याकडून माल ओढतो, आणि माल कितीही कमी-जास्त पडला तरी एक्स-रेची लय चालू राहते, त्यावरून त्रिज्येला वरची मर्यादा काढली. त्यात चुंबकीय क्षेत्राबद्दल धरलेली गृहीतकं पुढे लोकांनी सैल केली आणि मर्यादाही सैल झाली, हे मान्य. पण पद्धत आवडण्यासारखी होती.

मुक्काम_जुन्नर

आमच्याकडे खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिथे विज्ञान प्रदर्शनाला गेलो होतो तेव्हा एकांनी ग्लिचबद्दल सांगितलेलं ते इथे बसतं का बघा. पल्सार हळूहळू मंदावत असतो आणि मध्येच एकदम थोडा वेगात येतो. क्वार्क ताऱ्यात हे होईल का?

वैशाखवणवा

हाच माझा पुढचा मुद्दा होता, धन्यवाद. व्हेला पल्सार साधारण तीनेक वर्षांनी असा झटका देतो, वेग दहा लाखांत एक-दोन भागांनी वाढतो. नेहमीचं स्पष्टीकरण असं की कवचाच्या आतल्या भागात न्यूट्रॉनचा सुपरफ्लुइड (घर्षणाशिवाय वाहणारा द्रव) असतो, तो कवचाबरोबर मंदावत नाही, आणि मग साठलेली फिरकी एकदम कवचाला देऊन टाकतो. क्वार्क ताऱ्याला हा आतला भागच नाही! त्याला कवच असलं तरी त्यात मोकळे न्यूट्रॉन चालत नाहीत, निघाले की खाली पडून क्वार्क झालेच. जीएमआरटी आणि उटीची दुर्बीण मिळून अशा ग्लिचची नियमित नोंद ठेवतात, आणि जो जो पल्सार मोठे ग्लिच देतो तो तो माझ्या हिशोबाने क्वार्क तारा नाही. वर खडा पडला की सगळे तारे बदलतात असं म्हटलंय, त्यालाही हेच उत्तर.

अर्धवट_पीएचडी

त्या ताठ स्फटिक अवस्थेतून ग्लिच मिळू शकतात असं म्हणतात, पण आकडे लावून व्हेला जुळवलाय असं नाही, त्यामुळे हा गुण तुमचा.

एक भर घालतो. १७ ऑगस्ट २०१७ ला लायगोने (गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र) पकडलेली दोन ताऱ्यांची टक्कर, दोघांचं मिळून २.७ सूर्याच्या आसपास वस्तुमान, १३ कोटी प्रकाशवर्षांवर. त्यानंतर जो उजेड दिसला त्यात जड मूलद्रव्यं ताजी तयार झालेली होती, स्ट्रॉन्शियमची खूणही मिळाली. ती बनायला मोकळे न्यूट्रॉन लागतात. दोन्ही क्वार्क तारे असते तर उडालेला माल क्वार्कचाच राहिला असता. म्हणजे निदान एक तरी न्यूट्रॉन तारा होता. इटलीतले द्रागो वगैरे मंडळी म्हणतात की दोन्ही जाती शेजारी शेजारी नांदतात, हलके-लहान ते न्यूट्रॉन तारे आणि जड ते क्वार्क तारे.

टीओव्ही_टपरी

नायसर या एक्स-रे दुर्बिणीने जे०७४० ची त्रिज्या मोजली ती साधारण १२.४ किमी, किमी-दीड किमी इकडेतिकडे. दोन सूर्यांहून जड आणि तरी इतका मोठा, ते द्रागोंना सोयीचं आहे. पण नुसता कडक न्यूट्रॉन तारापण इतका असू शकतो.

नाना_चौकशीकर

हिंगोलीत लायगो होतंय ना, मग ते सांगेल की.

दुर्बीणवाला

नाना, औंढ्याजवळचं लायगो-इंडिया झालं की टक्कर आकाशात नेमकी कुठे झाली हे फार छान कळेल आणि दुर्बिणी लगेच तिकडे वळतील. पण टक्करीनंतर जो गोळा उरतो त्याचा आवाज २ ते ४ किलोहर्ट्झवर असतो आणि तिथे लायगोच्या जातीची सगळीच यंत्रं थोडी बहिरी आहेत. क्वार्क-न्यूट्रॉनचा फरक तिथेच ऐकू येईल. त्यासाठी आइनस्टाइन टेलिस्कोपसारखी पुढची यंत्रं लागतील.

कृत्तिका७

कुणी एचईएसएस जे१७३१ या ताऱ्याचा उल्लेखच केला नाही म्हणून लिहिते. २०२२ मध्ये डोरोशेंको आणि सहकाऱ्यांनी मोजलं, वस्तुमान ०.७७ सूर्य आणि त्रिज्या १०.४ किमी. नीट मोजलेला सगळ्यात हलका न्यूट्रॉन तारा १.१७ चा आहे, त्याच्या खाली स्फोटातून बनवायचाच कसा हा प्रश्न पडतो. दुर्बीणवाल्यांनी सुरुवातीला लिहिलंय ना की क्वार्क तारा हलका झाला की लहान होतो, हा बरोबर त्या बाजूला पडतो. अंतर २.५ किलोपार्सेक धरलंय, त्याच धुळीत एक मोठा तारा आहे त्याचं अंतर गाया उपग्रहाने मोजलंय म्हणून.

वैशाखवणवा

आणि वर कार्बनचं वातावरण धरलंय, पूर्ण पृष्ठभाग एकसारखा गरम धरलाय. १८५६ ची गोष्ट आठवा. शिवाय क्वार्क ताऱ्यावर कार्बन टिकेल कसा, पडला की क्वार्क होणार ना तो?

दुर्बीणवाला

नाही होणार. ते इलेक्ट्रॉनचं विद्युतक्षेत्र बाहेरच्या दिशेला आहे, ते कार्बनच्या केंद्रकाला वरच्या वर ढकलून धरतं. काही शे फर्मींची फट राहते आणि तिच्या वर साध्या पदार्थाचं कवच बसू शकतं, सूर्याच्या लाखाव्या भागाएवढ्या वस्तुमानापर्यंत. त्याहून जास्त साचलं की तळाची घनता घन सेंटीमीटरला ४ लाख टनांवर पोचते, केंद्रकांतून न्यूट्रॉन गळायला लागतात आणि त्यांना ते क्षेत्र अडवू शकत नाही. म्हणजे १७३१ वर कार्बन असणं क्वार्क ताऱ्याच्या विरोधात जात नाही, फक्त मग तो उघडा राहत नाही आणि एक्स-रेमध्ये चारचौघांसारखाच दिसतो.

खडीसाखर_

@टीओव्ही_टपरी ०.७७ ला तुमचा कोड काय म्हणतो बी ६० धरून?

टीओव्ही_टपरी

९ च्या थोडं वर. १०.४ हवा असेल तर बी खाली आणायला लागतो, आणि ५७ च्या खाली जाता येत नाही. अर्थात त्यांच्या मोजणीत पाऊण-एक किमीची सूट आहे. परस्परक्रियेची पदं घालून बघतो रविवारी, कोडची लिंक तेव्हाच टाकतो.